बाबांना घेऊन जा

ता. ४ जून

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, मनात किती आहेत ते विचारू नकोस. परवा तुमच्याकडे बाबांना भेटून आले, तेव्हापासून घास गोड लागत नाही. चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्टर म्हणून कात्री चालवलेला माणूस, रोज सहाला स्वतःच्या हाताने दाढी करणारा, त्याचा वस्तरा तू कुलपात ठेवलास. संध्याकाळची गाणी कान लावून ऐकावीत इतकी बारीक, कारण ड्यूटीवरून आल्यावर तुझं डोकं दुखतं. चहा दोनाचा एक झाला, तोही बिनसाखरेचा. तू नर्स आहेस ती वॉर्डात. सासरा म्हणजे खाट नंबर सात नव्हे. म्हातारपण औषधावर नाही, अशा लहानसहान आवडींवर तगतं.

येत्या रविवारी त्यांना न्यायला येते. धाकट्याला, तुझ्या नवऱ्याला, फोन केला होता. तो नेहमीप्रमाणे दौऱ्यावर, आणि नेहमीप्रमाणे हूं म्हणाला.

लोभ आहे तेवढा पुरे.
तुझी नणंद


ता. ७ जून

ती. ताईंना सा. न. वि. वि.

वस्तरा कुलपात का, हे विचारलं असतंत तर सांगितलं असतं. त्यांचा हात थरथरतो. मार्चमध्ये हनुवटीला तीन टाके पडले. साखरेमुळे पायाची जखम दोन महिने भरली नाही, ती रोज कोणी धुतली ते तुमच्या भावालाही ठाऊक नाही. तुम्ही वर्षातून दोनदा फळांची पिशवी घेऊन येता, खुर्चीच्या कडेवर बसता आणि बाबा वाळले म्हणता. दुरून डोंगर साजरे.

न्या खुशाल. दिवसभर माझ्या कामाला नावं ठेवतात, आता तुमच्या कामाला ठेवतील. गोळ्यांची यादी पिशवीत घालते.

तुमची मर्जी राखणं सोडलेली,
वहिनी


ता. २९ जून

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

मी शरण आलेली नाही, हे आधी वाच.

बाबांना सगळं दिलं. दाढी करताना मी समोर आरसा धरते, एका हाताने त्यांचं कोपर धरते. गाणी मोठ्याने लावते. चहा दोनदा, साखर निम्मी. पहिले दोन दिवस स्वारी खूश होती. मग गप्प. आमटीत मीठ जास्त पडलं तरी छान म्हणतात, पाहुण्यासारखे. साडेतीन वाजले की रेडिओ बंद करून दाराशी बसतात. विचारलं तर म्हणाले, तिची यायची वेळ झाली. तू युनिफॉर्म खुर्चीवर फेकतेस, ते इस्त्री करतात, कॉलरवरून तुमचं चहापर्यंत भांडण चालतं, हे मला आत्ता कळलं. म्हणे चौदा वर्षांत तुला कॉलर बसवता आली नाही, वॉर्डात पोतं घालून गेल्यासारखी दिसशील.

काल मी माझी साडी त्यांना इस्त्रीला दिली. निमूट करून दिली. मी मुद्दाम चुरगाळून परत दिली, तीही निमूट केली. मी त्यांची पोटची मुलगी. माझ्यावर एकदाही ओरडू नये त्यांनी?

वजन दोन किलोने उतरलंय. ये आणि घेऊन जा.

राग कायम आहे, कळावे.
नणंद


ता. २ जुलै

ती. ताईंना सा. न. वि. वि.

रविवारी नऊला येते. रिक्षा दाराशी थांबवून ठेवीन, त्यामुळे चहा टाकू नका. खाट नंबर सात मी विसरणार नाही.

आरसा धरायचं मला सुचलं नव्हतं. इथून पुढे धरेन. हे एकदाच लिहिते, चारचौघांत काढू नका.

पहिला आठवडा मी खरंच सुखाने झोपले. दुसऱ्या आठवड्यात मेट्रनबाईंनी दोनदा विचारलं की घरी कोणी आजारी आहे का. माझ्या कॉलरकडे बघून विचारलं.

एक करा. मी पत्र मिळताच तयार झाले असं बाबांना सांगू नका. दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा नाक मुरडत कशीबशी हो म्हणाली, असं सांगा. त्यांना वाटभर भांडायला काहीतरी हवं.

वहिनी