शोभेच्या रेघा

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. याआधीच्या चार रोजनिश्या पहिल्याच पानावर वारल्या, पण तेव्हा माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता नोकरी आहे.

वेबसाइट बनवणारी कंपनी. मोठ्या हॉस्पिटलची नवी साइट चालू आहे आणि ती अंध माणसांनाही वापरता आली पाहिजे अशी अट आहे. अंध माणसाचा कॉम्प्युटर पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवतो. पण चित्र त्याला वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे कुणीतरी शब्द लिहून ठेवायचे. तो कुणीतरी म्हणजे मी.

मालकाने विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, आयुष्याच्या शाळेत. तो म्हणाला, तिथेही मधेच सोडलेली दिसते. तरी घेतलं. म्हणाला, तुझ्या आत्याचा फोन आला होता म्हणून. हे सांगायची काही गरज नव्हती.

४ नोव्हेंबर
चष्मेवालीने काम समजावलं. (प्रोग्रॅमर. हसत नाही.) चित्रात काय आहे ते थोडक्यात लिही, म्हणाली. आणि जे नुसतं शोभेचं आहे, रेघा, फुलं, कोपऱ्यातली नक्षी, ते रिकामं ठेव. रिकामं असलं की प्रोग्रॅम न थांबता पुढे जातो.

मी विचारलं, म्हणजे अंध माणसांना शोभा नको? ती म्हणाली, नको. इतकं सहज!

याला म्हणतात मनोवृत्ती. हिला आयुष्यात एक अंध माणूस माहीत नसेल. मी पाच महिने एका अंध माणसाच्या घरात राहतोय. (चार दिवसांसाठी आलो होतो. पण आत्याला सोबत होते.)

निश्चय: हे क्षेत्र बदलून टाकायचं. आणि पहाटे उठायचं.

६ नोव्हेंबर
उठलो साडेनऊला.

आत्या खुशीत. त्याच हॉस्पिटलला टेलिफोन ऑपरेटर हवाय. परीक्षा आमच्याच साइटवर, घरबसल्या, २२ तारखेला. अट एकच: परीक्षेच्या दिवशी वय पन्नासच्या आत. आत्याला १ डिसेंबरला पन्नास पूर्ण होतात. म्हणजे हीच संधी, पुन्हा नाही. बावीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं, तीन वर्षांपूर्वी एक्स्चेंज बंद झालं, तेव्हापासून घरी. म्हणाली, तीन वर्षांत माझा आवाज फक्त दूधवाल्याने ऐकलाय. आणि तू, पण तू ऐकत नाहीस.

ती कॉम्प्युटरचा आवाज तिप्पट वेगाने ऐकते. मला तर मिक्सर लावल्यासारखं वाटतं. म्हटलं, आत्या, हळू कर, सौंदर्य निसटतंय. ती म्हणाली, निसटू दे बाळा, तू आधी चहाचं भांडं घास.

१० नोव्हेंबर
दिवसभरात नऊ चित्रं. डॉक्टर आणि म्हातारी यांच्या फोटोवर दीडशे शब्द लिहिले. म्हातारीच्या नजरेतली आशा वगैरे. चष्मेवालीने सगळं खोडून लिहिलं: ‘डॉक्टर रुग्णाला तपासताना.’ म्हटलं, आणि आशा? म्हणाली, आशा फोटोत दिसत नाही, स्टेथोस्कोप दिसतो.

दुपारी नेलकटर आणायला बाहेर पडलो. समोरच्या इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. तीन तास लागले. नेलकटर राहिलं.

१३ नोव्हेंबर
चष्मेवाली रजेवर, बहिणीचं बाळंतपण. सुटलो.

परीक्षेची पानं माझ्याकडे आली. तीस प्रश्न, तीस पानं. प्रश्न हॉस्पिटलवाले टाकणार, पानं आमची. प्रत्येक पानावर वर प्रश्न, खाली चार पर्याय आणि मधे एक निळी रेघ. शोभेची.

चष्मेवालीच्या हिशोबाने ही रेघ रिकामी ठेवायची. म्हणजे डोळस उमेदवाराला रेघ आणि माझ्या आत्याला काहीच नाही? अन्याय!

तीसही रेघांना लिहिलं. एकच मजकूर तीसदा टाकता आला असता, पण अंध असले म्हणून काय, माणसं कंटाळतात. म्हणून प्रत्येक वेगळा. सातव्या पानाचा विशेष जमलाय: ‘एक निळी रेघ. शांत, संथ, कुठेही पोचायची घाई नसलेली, जणू दुपारी आडवी झालेली नदी. तिच्याकडे पाहताना वाटतं, उत्तर देण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं.’

वाचून माझेच डोळे भरून आले.

१७ नोव्हेंबर
मालकाने एक फॉर्म दिला. परीक्षेची पानं एका अंध व्यक्तीकडून तपासून घ्यायची, गुरुवारी पाचपर्यंत सहीनिशी द्यायची. म्हणाला, तुझ्या घरातच आहे ना आत्या, बसव तिला नमुन्याच्या प्रश्नांवर. तेवढं तरी कर.

आत्याला सांगितलं. ती लगेच खुर्ची ओढून बसली. म्हटलं, आज नको, उद्या. उद्या निवांत.

१८ नोव्हेंबर
आत्याने दोनदा विचारलं. म्हटलं, उद्या.

१९ नोव्हेंबर
आत्याने एकदा विचारलं. माणसात संयम कसा येत जातो बघा.

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ
सकाळी ऑफिसला जाताना एका टेम्पोवाल्याशी गप्पा लागल्या. त्याच्या टेम्पोत फक्त आरसे होते, पन्नासेक, सगळे आकाशाकडे तोंड करून. असं दृश्य सोडतं कोण? बसलो शेजारी. पुढच्या गावात पोचल्यावर लक्षात आलं की आज गुरुवार.

ऑफिसात पोचलो चारला. घरी जाऊन आत्याला बसवून परत येणं शक्यच नव्हतं. मग डोक्याने काम केलं. डोळ्यांवर रुमाल बांधून मीच दोन प्रश्न सोडवले. (रुमाल जरा विरलेला आहे.) काही अडचण आली नाही. फॉर्मवर आत्याचं नाव लिहिलं. अभिप्राय: ‘काहीही अडचण नाही. अतिशय सुंदर.’ खाली आत्याची सही. तिची सही पाहून पाहून पाठ झालीय, हुबेहूब आली.

याला कुणी खोटं म्हणेल. मी म्हणतो, हे जरा आधी लिहिलेलं खरं आहे. आत्या दुसरं काय म्हणाली असती?

तिला सांगितलं, तपासणीची गरज पडली नाही. थेट परीक्षेतच बघ, गंमत आहे. ती म्हणाली, मला गंमत नकोय, नोकरी हवीय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
परीक्षा झाली. सकाळी अकरा, वेळ वीस मिनिटं.

आत्या इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. म्हटलं, घरीच तर आहेस. म्हणाली, ड्युटीवर आहे मी. कानाला हेडफोन. मी दाराबाहेर. पाचव्या मिनिटाला तिने टेबलावर हात आपटला. वाटलं, दाद दिली.

वीस मिनिटांत तेराव्या प्रश्नापर्यंत पोचली. तेरापैकी अकरा बरोबर. पास व्हायला अठरा हवे होते.

मी समजूत घातली. म्हटलं, उत्तरं येतात तुला, वेग कमी पडतो. वय झालं की होतं असं. ती हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळत बसली, गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

२३ नोव्हेंबर
आज आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पाठ म्हणून दाखवलं!

चहा पिताना आत्या म्हणाली, ऐक. आणि सातव्या पानाची रेघ म्हणाली. शांत, संथ, आडवी झालेली नदी, सगळं. एक शब्द चुकला नाही. ऑपरेटरची स्मरणशक्ती! मग विचारलं, हे लिहिणारा तुमच्या ऑफिसातला गाढव कोण रे?

मी नम्रपणे म्हटलं, मीच.

तिने कप खाली ठेवला. विचारलं, तीसही वेगवेगळं लिहिलंस? म्हटलं, तीसही, तुझ्यासाठी. ती म्हणाली, म्हणूनच मेले मी. एकच मजकूर असता तर दुसऱ्या पानावर कळलं असतं की फालतू आहे. दर वेळी नवीन, म्हणून वाटलं प्रश्नाचाच भाग आहे. परीक्षेत नक्कल नको म्हणून उडी मारून पुढे जायच्या कळा बंद, वेगही त्यांचाच. सगळं ऐकावंच लागतं. सातवा प्रश्न होता, वॉर्डात आग लागली तर आधी कुठला नंबर फिरवाल. आणि तुझी रेघ सांगतेय, उत्तर देण्यापेक्षा थांबा!

मी म्हटलं, योगायोग.

ती म्हणाली, पहिल्या दिवशी तुला कुणी सांगितलं नव्हतं का, शोभेचं रिकामं सोडायचं म्हणून?

मी विषय बदलला.

२४ नोव्हेंबर
आत्याने फेरपरीक्षेचा अर्ज टाइप केला. महिना संपायच्या आत घ्यावी, पानांत दोष होता, असं. आठ ओळी. माझं नाव कुठेही नाही. मन मोठं आहे तिचं. म्हटलं, एखादा भावनिक परिच्छेद टाकू का? म्हणाली, तू जरा बाहेर जाऊन ये.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
उत्तर आलं. आत्याने वेग कमी करून, साध्या चालीत लावलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मलाही सगळं समजलं. नको होतं समजायला.

‘सदर पानांची तपासणी अर्जदाराने स्वतः २० नोव्हेंबर रोजी केली असून, काहीही अडचण नाही, अतिशय सुंदर, असा अभिप्राय सहीनिशी दिलेला आहे. सबब फेरपरीक्षेची विनंती मान्य करता येत नाही.’

तिने ‘अतिशय सुंदर’ परत लावलं. परत. मग विचारलं, मी कधी रे सही केली?

म्हटलं, घाईत झालं.

चांगली आली होती का सही? म्हटलं, हुबेहूब. ती म्हणाली, बावीस वर्षं पगारावर तीच सही केली मी. बरं झालं, कुणाच्या तरी कामी आली.

मग शांतपणे म्हणाली, हॉस्पिटलच्या कचेरीत जा. सांग की सही तू केलीस. उद्या शनिवार, एकपर्यंत उघडी असते. उद्या एकच्या आत खरं कळलं तर उद्याच बसवतील मला. सोमवारी मी पन्नाशीची.

म्हटलं, जातो. उद्या पहिलं काम हेच. माणसाने चूक कबूल करावी, त्याने माणूस मोठा होतो. नोकरी गेली तरी बेहत्तर.

२९ नोव्हेंबर, शनिवार
उठलो आठला. (विक्रम.) नुसतं तोंडी सांगणं बरं दिसेना, म्हणून लेखी निवेदन करायला बसलो. सुरुवात जमेना. ‘मी एक साधा मुलगा’ अशी केली, खोडली. ‘सत्य हे निळ्या रंगाचं असतं’ अशी केली, ती आवडली. चार पानं झाली. आत्या दाराशी येऊन म्हणाली, एक वाक्य पुरे आहे रे. साडेअकरा झाले. म्हटलं, झालंच.

हॉस्पिटलला पोचलो एक वीसला. वॉचमन कुलूप ओढून बघत होता. सोमवारी या, म्हणाला. मी त्याला पहिलं पान वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, चांगलंय, पण सोमवारी या.

लोक वेळेच्या बाबतीत फार कडक झालेत.

३० नोव्हेंबर
आत्याने काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. एकमेकांना समजून घेणं म्हणजे हेच.

१ डिसेंबर, सोमवार
आत्याला पन्नास पूर्ण. सकाळी शुभेच्छा दिल्या. हूं म्हणाली.

चष्मेवाली कामावर परत आली. परीक्षेची पानं ऐकली, अर्धवट. मालकाला बोलावून ऐकवली. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तिने सांगितलं, बस, माझ्यासमोर तीसही रेघा रिकाम्या कर. केल्या. मग मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. सहीचं मी स्वतःहून सांगणार होतो, पण आता कुणाला सांगू? आणि उपयोग काय?

घरी आल्यावर आत्याने एवढंच विचारलं, रिकामं करायला किती वेळ लागला?

म्हटलं, अकरा मिनिटं. मधे चहा आला होता, तो धरून.

ती उठली, भिंतीवरचा फोन काढला, नंबर दाबला. नंबर बाबांचा. आणि बोलायला लागली तो आवाज मी तिचा कधी ऐकलाच नव्हता. स्वच्छ, गोड, एकही अक्षर न सांडणारा. ऐकत राहावंसं वाटणारा. नमस्कार दादा, मी बोलतेय, म्हणाली. तुझा मुलगा उद्याच्या गाडीने परत पाठवतेय. नाही, आजारी नाही. नाही, भांडलो नाही. स्टेशनवर जाऊ नकोस, रस्ता माहीत आहे त्याला.

गाडी किती वाजताची ते तिने बाबांना सांगितलं. मला नाही.