व्हिडिओत बरा झालेला गुडघा

चाकण, रविवार दुपार

प्रिय स्वरूपा,

आशीर्वाद. एकाच घरात राहणाऱ्या सुनेला सासऱ्याने पत्र लिहावं, हे बघून तू आधी हसशील आणि मग फोन का नाही केला म्हणून चिडशील. तुझा फोन हल्ली तुझ्या दवाखान्यातली मिनल उचलते. पोरगी गोड आहे, पण मी साधं खोकलो तरी तिला त्यात पोस्ट दिसते. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुझ्याआधी तिनेच वाचलं असतं. म्हणून पूनमकडून कागद मागून घेतले. रविराज शिफ्ट सुटल्यावर बहिणीकडे चहाला डोकावेल, त्याच्या हाती हे देईन. आडपडदा न ठेवता सांगतो, माझा गुडघा वाकत नाही. उजवा, ऑपरेशनचा. लेकीकडे हवापालटाला जातो असं तुम्हाला सांगून निघालो खरा, पण हवापालटाला कुणी चाकणला येतं का? इथे दिवसभर ट्रकचा धूर. मी रहाटणीतून पळून आलोय, पोरी.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस मला चांगले आठवतात. आपल्या घरात सुनेने सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही अशी रीत. तुझी सासू माझ्या वडिलांशी कायम दाराआडून बोलली. आणि तू सरळ समोर मांडी घातलीस, धोतर वर सरकवलंस आणि गुडघा हातात धरलास. मी पाय ओढून घेतला तर म्हणालीस, "नाना, लाजायचं ते नंतर लाजा, आता वाकवा." मी इतका ओरडलो की शेजारच्या विमलबाई धावत आल्या. "अगं, मारती का काय म्हाताऱ्याला?" म्हणाल्या. रोज सकाळी तुझा फिजिओथेरपीचा दवाखाना उघडायच्या आधी तू यायचीस. मी शिव्या घालायचो, तू दाबत राहायचीस. पण गुडघा वाकायला लागला होता. काठी टेकत मी मारुतीच्या पारापर्यंत जाऊन येत होतो. मला तेवढं पुष्कळ होतं.

फोनवर दवाखान्याच्या पानावर तू लिहायचीस, तेही मी तेव्हा चष्मा लावून वाचायचो. ग्रामपंचायतीत उभा जन्म कारकुनी केली, त्यामुळे कुणाचंही लिहिलेलं दिसलं की मान आपोआप खाली जाते. काळेवाडीच्या एका बाईंबद्दल तू लिहिलं होतंस. त्या कंपनीत उभ्याने पॅकिंग करायच्या, त्यांचा खांदा वर जात नव्हता. तू लिहिलंस, अजून जमलेलं नाही, माझं कुठे चुकतंय ते शोधते आहे. मी रविराजला म्हटलं, तुझी बायको दुकान बुडवणार, कोण डॉक्टर असं लिहितं? आणि झालं उलटंच. दवाखान्यात बसायला बाक पुरेनात. हिंजवडीची मान अवघडलेली पोरं यायची, इकडची कंबर धरलेली माणसं यायची. ही बाई उगाच थाप मारत नाही, एवढंच जो तो म्हणायचा. मला फार अभिमान वाटायचा. तोंडावर कधी बोललो नाही, आता लिहितोय.

मग तुझ्या पानाचं काम बघायला मिनल आली. न जमलेलं लिहायचं नाही, लोकांना बरी झालेली माणसं हवीत, असं तिचं म्हणणं. तिचंही चूक नसेल, तिला तिच्या कामाचं कळतं. बरी झालेली माणसं शोधता शोधता तिची नजर घरातल्या म्हाताऱ्यावर गेली. त्या दिवशी मला केवढा फेटा बांधला होता! लग्नातसुद्धा मी एवढा सजलो नव्हतो. गाडी आळंदीच्या घाटाजवळ थांबली. मिनलने माझी काठी काढून घेतली आणि म्हणाली, "नाना, फक्त कॅमेऱ्याकडं बघून चाला." चाललो मी. माझा पाय लटपटला तेव्हा रविराजने पुढे होऊन धरलं, तो तुकडा अर्थातच कुणाला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पिंपरी-चिंचवडला कळलं, की गुडघा बदललेले नाना रहाटणीहून आळंदीला पायी गेले. खाली तुझ्या नावाने लिहिलं होतं, नानांनी मला संयम शिकवला. मी? चहा यायला उशीर झाला तर भांडी आपटणारा मी? ते वाचून मी इतका हसलो की ठसका लागला. खोटं का सांगू, मलाही गंमत वाटली होती. फेट्यातला तो माणूस मला आवडला होता.

गंमत पुढे अंगाशी आली. पारावर गेलो तर ज्योतीराम माझी काठी बघून म्हणाला, "नाना, ही कशाला? तू तर आळंदीला चालत गेलास म्हनं. आमाला येडं समजतो व्हय?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, कुत्र्यांसाठी धरलीय. दुसऱ्या दिवशी काठी घरी ठेवून निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी भिंत धरून उभा राहिलो. लोक नमस्कार करत जात होते. एकाने तर पाया पडून फोटो घेतला आणि आपल्या आईला हेच सांगतो म्हणाला. परत कसा आलो ते मला माहीत. तेव्हापासून बाहेर पडणंच सोडलं. काठी घेऊन गेलो तर तुझी लाज जाते, न घेता गेलो तर मी पडतो. मग खुर्चीत बसून राहायचं आणि विचारलं तर सांगायचं, आज ऊन फार आहे.

आणि खुर्चीत बसलेल्याचा सांधा आखडतो, हे तूच मला शिकवलंस. पण त्या व्हिडिओपासून तू माझ्या गुडघ्याला हात लावलेला नाहीस. तुझ्या लक्षातही आलं नसेल. सकाळची ती वेळ आता शूटिंगला जाते. एकदा मी म्हणणार होतो, जरा बघतेस का, तर तू शूटिंगच्या दिव्यासमोर उभी होतीस आणि हसून "नमस्कार मित्रांनो" म्हणत होतीस. कॅमेरा बंद झाला तशी तिथेच जमिनीवर बसलीस, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. मी आल्या पावली मागे फिरलो. तो आवाज तुझा नाही, स्वरूपा. माझ्यावर खेकसून गुडघा वाकवणारा आवाज तुझा. तू दमली आहेस हे मला कळतं, आणि मीही दमलोय. आता तर घरातसुद्धा, तू यायची चाहूल लागली की मी सरळ बसतो. सुनेच्या नावासाठी बरं असण्याचं सोंग आणतो. फार कंटाळा आलाय गं त्याचा.

हे सगळं मी मनातच ठेवणार होतो. पण परवा पूनमने मला बाथरूममध्ये भिंतीला धरून रडताना पाहिलं आणि ओढतच इथल्या हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण पोरगा आहे, हात चांगला आहे त्याचा. त्याने पाय वाकवून बघितला, मान हलवली आणि म्हणाला, आता हयगय केली तर हा असाच राहील, मग भूल देऊन वाकवावा लागेल आणि या वयात ते नको. व्यायाम कुणाकडे करता, असं विचारलं. तुझं नाव माझ्या तोंडातून निघेना. कुणाकडेच नाही, असं म्हणालो. पूनम माझ्याकडे बघतच राहिली. दाढी वाढलेली, डोक्यावर फेटा नाही, त्याने मला कुठून ओळखावं? उलट रागावला माझ्यावर. म्हणाला, "आजोबा, तुम्ही रहाटणीचे ना? तिथल्या स्वरूपाताईंकडे जा. त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांना आळंदीपर्यंत चालवलंय." तुझ्या नावाने चिठ्ठीही लिहून दिली. ती घेऊन मी उद्या येतोय. घरी नाही, दवाखान्यात. काठी टेकत येईन आणि बाकावर सगळ्यांमध्ये बसेन. कुणी ओळखून विचारलं तर खरं तेच सांगेन, तेव्हा आधी तूच सांगितलंस तर मला बरं वाटेल. नंबर लावून घे, आणि मी ओरडलो तरी सोडू नकोस.

तुझाच,
नाना