सप्रेम भेटीचा बाक

ती. अण्णा,

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. आज लिहायला बसले, कारण खाडीजवळच्या त्या केमिकल कंपनीचे मॅनेजर काल घरी आलेले. कल्याणला तुम्ही ज्या चौकीत फौजदार होतात, तिच्या दारात त्यांना तुमच्या स्मरणार्थ पाणपोई बांधायचीय. वर तुमचं नाव, खाली कंपनीचं. दादा एकदम खूश. आई म्हणाली, शालूला विचारा. झालं, आलं माझ्या गळ्यात!

तुम्ही काय सांगितलं असतंत? खरं म्हणजे मला खात्री नाही.

तुम्ही त्या चौकीत असताना एका दिवाळीत याच कंपनीचा काजूकतलीचा बॉक्स आलेला, आठवतं? तुम्ही तो दारातूनच परत पाठवलात. मी आणि दादा तोंड फुगवून बसलेलो. पुढे त्यांनी चौकीला बाक दिला, पंखा दिला, पाण्याचा कूलर दिला, ते मात्र ठेवून घेतलंत. आईने टोकलं तर म्हणालात, मी काय घरी आणलंय? तक्रार घेऊन आलेली माणसं ताटकळत उभी असतात, त्यांची सोय झाली.

तिथेच चुकलं तुमचं, अण्णा. स्वतःच्या खिशात गेली तरच ती लाच, असं तुम्ही धरून चाललात.

बाकाच्या पाठीवर लाल अक्षरांत कंपनीचं नाव आणि 'सप्रेम भेट'. तुम्हाला ते रोज दिसत होतं ना? मग खटकलं कसं नाही?

मग एका सकाळी खाडीत मासे मरून तरंगायला लागले. आपल्याकडे मासळी घेऊन येणारी हिराबाई जावयाला घेऊन चौकीत आली. कंपनीने रात्री घाण पाणी सोडलं, अशी तक्रार द्यायला. तुम्ही तिला बस म्हणालात. जावयाने बाकावरचं नाव वाचून दाखवलं, तशी ती उभीच राहिली.

"साहेब, बाक त्यांचा, प्यायचा पानी त्यांचा. मंग आमी कोनाला सांगाचा?"

आणि दोघं तशीच परत गेली. त्या रात्री जेवताना हे तुम्हीच सांगितलंत आणि अर्ध्या ताटावरून उठलात. तुमचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान टेम्पोत घालून कंपनीला परत केलंत. स्वतः कोळीवाड्यात गेलात. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, पण जबाब एकानेही दिला नाही. तक्रारच नाही म्हटल्यावर कंपनीवर केस कसली होतेय? मग तुमची ठाण्याला बदली झाली आणि विषय तिथेच राहिला.

आज सकाळी मी हिराबाईकडे जाऊन आले. खाडीत आता काही मिळत नाही, मुंबईहून माल आणून विकते. पाणपोईचं सांगितलं, तर टोपलीतले मासे नीट लावत राहिली.

मग म्हणाली, "तुजा बापूस चांगला व्हता गो. पन चौकीत आमी आजून नाय जात."

तुम्ही चांगले होतात हे तिला माहीत आहे, अण्णा. तरीही ती जात नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

उद्या मॅनेजरना मी नकार कळवणार आहे. दादा चिडेल, चिडू दे. काही वर्षांनी कल्याणात तुमचं नाव कुणाला आठवणारही नाही, तेही चालेल. पण ते नाव वाचून कुणी चौकीच्या दारातून मागे फिरेल, असं मी होऊ देणार नाही.

तुमची,
शालू