मंगल कार्यालयातलं आयर्लंडचं ऑफिस

देऊळगाव राजा,
माघ संपत आला

तीर्थरूप हिंमतमामांस,

लांबूनच तुमच्या दोन्ही पायांवर डोकं. गुडघा कसा आहे? (डाव्याचं विचारतो आहे, उजवा दुखतो हे तुम्ही कबूलच करत नाही.) महामायामामींना सांगा, त्यांनी दिलेलं लोणचं अजून उरलं आहे, म्हणजे मी किती जपून वागतो ते समजेल. इकडे मी खुशाल आहे आणि मुख्य म्हणजे कालही इथंच होतो.

फोन केला की तुम्ही "आता कुठून बोलून राह्यला बे?" म्हणता आणि उत्तराआधीच ठेवता, म्हणून पत्र. दिवाळीत तुम्ही म्हणाला होता, एका जागी सहा महिने टिकून दाखव, मग तुझी एक गोष्ट निमूट ऐकेन. ते मी विसरलेलो नाही.

तर झालं असं, की गोव्यात चहाच्या टपरीवर (त्याआधी मी हंपीला होतो, तिथं एका माकडानं माझी चप्पल नेली, ते राहू द्या) मला आयर्लंडची नोराबाई भेटली. तिची कंपनी गाईंचं दूध काढायची यंत्रं विकते. यंत्र अडलं की तिकडचे शेतकरी फोन करतात, आणि ते फोन घ्यायला कंपनीला देशाबाहेर पहिलंच ऑफिस काढायचं होतं. ती म्हणाली, गाय समजणारी माणसं पाहिजेत. मी म्हणालो, आमच्या जिल्ह्यात गाय न समजणारा एकटा मीच. मग तिनं यादी पाठवली: मोठा हॉल, जनरेटर, भरपूर पाणी, दहा संडास, गाड्या लावायला जागा. आता तुम्हीच सांगा मामा, ही यादी वाचून माणसाला मंगल कार्यालयाशिवाय दुसरं काय सुचेल? भगवानरावांचं कार्यालय मी पौषात जाऊन पाहिलं. पौषात मंगल कार्यालयाइतकी शांत जागा अख्ख्या जिल्ह्यात नाही. तिथंच सही केली, करार न वाचता. दहा जण कामाला घेतले. त्यात आपल्या उंद्रीच्या उकंडरावांची मयुरी (आयर्लंडचं इंग्रजी तिला कळतं, मला तिचंही कळत नाही) आणि इथल्या मंडपवाल्या हैदरचाचांची गुलनार. दोघींच्या पुण्याला जायच्या पिशव्या भरलेल्या होत्या, त्या त्यांनी रिकाम्या केल्या.

करारात शेवटी एक ओळ होती: लग्नतिथी सोडून.

नोराबाईनं परीक्षेचा दिवस ठरवला. चार तास फोन घ्यायचे, एकही सुटला नाही तर ऑफिस मंजूर, सुटला तर संगणक परत. तो दिवस नेमका दाट तिथीचा निघाला. मी भगवानरावांच्या मागे लागलो, तर ते म्हणाले, "लगन थांबते का बे तुह्या फोनासाठी?" वधूची खोली सोडावी लागली, पण वराच्या खोलीत आमचे दहाही जण बसले आणि वर बाहेर खुर्चीवर. मुहूर्त साडेबाराचा असल्यामुळे लग्न अडीचला लागणार होतं, आणि अडीचलाच आयर्लंडमध्ये सकाळचे नऊ वाजतात.

नोराबाईची जीप आली ती वरातीच्या मागोमाग. बँड, गुलाल, पाचशे माणसं. नवरीच्या मावश्यांनी तिला कुंकू लावून हातात अक्षता दिल्या. तिला वाटलं हे सगळं कंपनीच्या स्वागताला. तिनं वहीत काहीतरी आनंदानं लिहून घेतलं आणि मी तिला अडवलं नाही.

तीन वाजता लाइट गेली. हैदरचाचा म्हणाले, "बेटा, जनरेटर एकच. डीजे चालवू की तुमचे फोन?" नवरीचे वडील वामनराव पंगतीतून उठून आले नि गुलनारला विचारलं, "फोन कोनाचे हायेत पोरी?"

"शेतकऱ्यांचे, काका. दूध काढणं अडलं त्यांचं."

"मंग बंद करा तो डीजे. गाय काई थांबत नाही."

माइकवर सांगण्यात आलं की मंडळी, फोन चालू आहेत, मठ्ठा हळू मागा. मामा, पाचशे माणसं खुणेनं जेवली. वाढपी बोटांवर विचारत होते, किती. एकही फोन सुटला नाही. नोराबाईनं शेवटी विचारलं, तुमच्याकडे दर परीक्षेला एवढी माणसं येतात का? मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात मयुरीनं खरं सांगून टाकलं. नोराबाई हसली आणि बुंदी दुसऱ्यांदा घेतली. मंजुरी काल आली.

मामींना नमस्कार.

आपला, सध्या न हलणारा,
ज्ञानेश्वर

ता. क. उकंडराव रोज संध्याकाळी तुमच्याच ओट्यावर तंबाखू मळतात. तेव्हा मयुरीसाठी माझं नाव काढावं, हीच ती एक गोष्ट. सहा महिन्यांतले दोन झाले, उरलेले चार झालेच असं समजावं.

ता. क. २. कंपनीची मंजुरीही सध्या सहाच महिन्यांची आहे. तेवढं उकंडरावांना सांगू नये.

ता. क. ३. काका, मी मयुरी. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. मंजुरीच्या सहा महिन्यांचं मी बाबांना कालच सांगितलं, आणि यांचंही. ते म्हणाले, "पोरगा टिकते का नाही, ते मी हिंमतरावाले विचारतो." तर ते विचारतील तेव्हा तुम्ही खरं तेच सांगा. फक्त चार महिने थांबून सांगा.