आईंचे शब्द नव्या लॅपटॉपवर

४ जानेवारी, रविवार
आमच्या छापखान्याचा जुना कॉम्प्युटर आज कसाबसा सुरू झाला. नितीन म्हणाला, "लग्नपत्रिका छापून छापून दमलाय गं तो. सोड आता." पत्रिका गेल्या तरी चालतील. पण माझे अहिराणी शब्द? नितीनशी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. आंडेर म्हणजे मुलगी, बठ्ठं म्हणजे सगळं... कळेल तसं टाईप करत गेले ते आजपर्यंत. दुसरीकडे कॉपी नाही.

५ जाने.
हार्डडिस्क काढून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेली. "ताई, फायली वाचल्या!" येताना जिलबी घेतली.
घरी नव्या लॅपटॉपवर उघडलं तर नुसते चौकोन आणि डॉलर. जुना फाँट यात चालत नाही म्हणे. रडूच आलं. आई डोकावल्या, "हाई काय शे?" म्हटलं, तुमचंच बोलणं.
"मी अशी बोलस?"
नितीन हसून लोटपोट. मग मीही.

८ जाने.
फाँट बदलणारा प्रोग्रॅम सापडला. अक्षरं आली!! जोडाक्षरं फुटलीत, वेलांट्या भलत्याच डोक्यावर. एकेक शब्द तपासणं आलं.

१० जाने.
दुपारी आईंना शेजारी बसवलं. मी वाचायचं, त्यांनी सुधारायचं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून वाचते. समोरच्या काकू भांडण समजून धावत आल्या, मग त्याही बसल्या. चहा दोनदा. 'क' काही संपेना, प्रत्येक शब्दामागे आईंच्या माहेरचं कोणीतरी.

१५ जाने.
कालचा तिळगूळ खात 'म' झाला. आता आईच मला अडवतात. "हाऊ शब्द लिखेल नही तू. मी सांगस, तू लिख." फाईल जुनीपेक्षा मोठी झालीये. इतकी वर्षं एका घरात, पण अशी सलग दुपार कधी मिळालीच नव्हती.

२२ जाने.
'ह' वर आलो. एक शब्द पार गेलाय, नुसते चौकोन. अर्थ मात्र शाबूत: 'हसू दाबताना नाकातून निघतो तो आवाज. सांगणारी – सखूमावशी.' डिस्क जुन्या कॉम्प्युटरला परत जोडली, तो आता हूं की चूं करत नाही. आईंना आठवेना. "इसरनी मी," म्हणाल्या, चेहरा एवढासा.

२३ जाने.
आईंच्या धाकट्या बहिणीला, सखूमावशींना, सटाण्याला फोन लावला. अर्थ वाचून दाखवला. तिकडून आधी तो आवाजच आला. आई फोनला कान लावून होत्या, त्यांचाही सुटला. दोघी बहिणी हसताहेत, शब्द कोणी सांगेना.
शेवटी मावशी, "फोनवर नही. तुम्हीन आठेच या."
रविवारची सकाळची सटाण्याची एसटी. आईंनी आत्ताच साडी काढून ठेवलीये. लॅपटॉप चार्जिंगला लावला.