राजा मेला हे कुणी सांगायचं

२८ एप्रिल २०२१, बुधवार

आई गेली. काल दुपारी, अलिबागच्या हॉस्पिटलात.

अजितचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. समोर स्वॉबच्या नळ्यांचा ट्रे. "ताई, आई गेली गं." मी म्हटलं, थांब, ट्रे ठेवते. असं कोण म्हणतं! ट्रे जागेवर ठेवला, ग्लोव्ह्ज काढले, हात धुतले, आणि मग वेस्टमीडच्या त्या मेल्या कार पार्कात जाऊन गाडीत रडले. शेजारच्या गाडीतल्या नर्सने काच खाली करून विचारलं, "यू ओके, लव्ह?" तिला काय सांगणार, कप्पाळ.

जायचा प्रश्नच नाही. तिकडून इकडे परदेशात येणारी विमानं बंद केलीत, इकडून तिकडे जायची परवानगी मिळत नाही. दोन्ही दारांना कड्या. सगळं अजितने एकट्याने केलं, तेही लांब उभं राहून. आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही त्याला.

बाबा त्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर, ऑक्सिजनवर. अजित म्हणतो, "त्यांना सांगायचं नाही. डॉक्टर म्हणालेत, धक्का नको. घरी आले की बघू."

हे आमच्या घरात नेहमीचंच! काकी गेली तेव्हा मला महिन्याने कळवलं. का, तर "तू तिकडे एकटी, कशाला उगाच." हृषीकेशसारखा नवरा आहे, स्पृहासारखी मुलगी आहे, तरी मी एकटी! तेव्हा केवढी भांडले होते. आता मीच त्या कटात.

२९ एप्रिल

दुपारी साडेचारला बाबांना व्हिडिओ कॉल. चांगला ड्रेस घातला, टिकली लावली. वाक्य घोकून ठेवलं होतं — "आई वरच्या मजल्यावर आहे, झोपलीय, बोलायला मनाई आहे." आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. शाळेच्या नाटकात पण एवढी तालीम केली नव्हती.

वॉर्डातल्या मावशींनी फोन धरला होता. बाबा केवढेसे दिसत होते! नाकात नळ्या, दाढी वाढलेली. म्हणाले, "सुनू, स्पृहा कुठाय? बोलाव तिला. आज पोर्तुगाल."

आईचं काही विचारलंच नाही. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं.

३० एप्रिल

कुणी वाचणार नाही तरी लिहिते. बाबा जन्मभर रेवदंड्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. आमचं गाव एकेकाळी पोर्तुगालच्या राजाचं. अभ्यासक्रमात असो नसो, बाबांच्या तासाला पोर्तुगाल यायचंच. समोरच्या कोर्लईत अजून ती भाषा बोलतात. तिथल्या पोरांकडून बाबा शब्द शिकायचे आणि घरी आम्हाला पकवायचे. आज दम लागत होता, तरी सुरू.

"राजा सेबास्तियांव. चोवीस वर्षांचा. लग्न नाही, पोर नाही. आणि निघाला मोरोक्कोवर स्वारी करायला. सगळे म्हातारे सांगत होते, जाऊ नको."

"वॉज ही डम्ब, आजोबा?"

"हो. डम्बच." हसले, मग खोकले. मावशी म्हणाल्या, "मास्तर, पुरे आता."

२ मे, रविवार

राजा लढाईत पडला. गादीवर बसवायला कोण, तर म्हातारा चुलत आजोबा, तोही धर्मगुरू! तो दोन वर्षांत आटोपला. मग शेजारच्या स्पेनच्या फिलिपने राज्य घशात घातलं. गोवा, चौल, वसई, सगळं त्याच्या मुकुटाखाली. म्हणजे आमच्या रेवदंड्यालाही नवा धनी! साठ वर्षं.

"आणि लोक काय करत होते?" मी विचारलं. उगाच आपलं, ते बोलत राहावेत म्हणून.

"वाट बघत होते. राजा मेलाच नाही म्हणायचे. धुक्यातून येईल एक दिवस. फिलिपने प्रेत आणून पुरलंसुद्धा, तरी मानेनात. चार तोतये येऊन गेले."

मी फटकन बोलून गेले, "एवढे कसे वेडे? मेला म्हणून सांगायला काय जड होतं?"

बाबा म्हणाले, "जड असतं, बाळा."

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. कुणाला नावं ठेवतेय मी?

३ मे

कोपऱ्यावर राहणाऱ्या मैत्रिणीने, मेधाने, पिठलं-भाताचा डबा आणून दिला. सुतकात आमच्याकडे चूल नाही म्हणून. दारातच ठेवून लांब उभी राहिली, आणि मला तिच्या गळ्यात पडायचं होतं.

५ मे

आजही आईचं नाव नाही!

राग येतो. खरं सांगते, फार राग येतो. त्या राजांच्या वंशावळी भिंतीवर चिकटवायला आई खळ शिजवून द्यायची. हात भाजून घ्यायची. पाहुण्यांसमोर हे लिस्बनचा भूकंप सांगायला लागले की ती बिचारी तिसऱ्यांदा चहा गरम करायची. आणि या माणसाला एकदा, एकदासुद्धा विचारावंसं वाटत नाही, "कशी आहे ती?" बायको महत्त्वाची की ब्रागांझा राजघराणं?

हृषीकेश म्हणतो, "बरंच आहे ना, खोटं बोलावं लागत नाही." अजित म्हणतो, ऑक्सिजन कमी पडला की माणसं विसरतात. असेल. मला लॅबमधली बाई म्हणून पटतं. मुलगी म्हणून नाही पटत.

९ मे, रविवार

मदर्स डे. स्पृहाने कार्ड केलं. मी तिला शंभरदा पढवून ठेवलंय, आजोबांसमोर आजीचा विषय नाही. ती म्हणते, "बट दॅट्स लाइंग, आई."

आणि आज कॉलवर कार्ड दाखवता दाखवता एकदम तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "आय मिस आजी." आणि रडायलाच लागली!

बाबांकडे बघायची हिंमत होईना. पण त्यांनी ऐकलं नसावं बहुतेक. लगेच, अगदी घाईघाईने म्हणाले, "स्पृहा, स्पृहा, इकडे बघ. तुला पळपुट्या राजाची गोष्ट सांगतो. नेपोलियनचं सैन्य लिस्बनच्या वेशीवर आलं. आणि राजपुत्राने काय केलं? अख्खा दरबार जहाजात भरला आणि चालला ब्राझीलला! त्याची आई, म्हातारी राणी, डोक्याने जरा हललेली. ती गाडीतून ओरडली म्हणतात — हळू हाका रे, लोकांना वाटेल आपण पळतोय!"

स्पृहा नाक पुसत हसली. बाबा एवढं बोलून धापा टाकत होते. मावशींनी फोन काढून घेतला.

वाचलो.

१० मे

मला आज त्यांची माया आली. उगाच रागावले. बोलत राहतात म्हणून तर रोज कॉलवर दिसतात.

११ मे

चांगली बातमी! ऑक्सिजन दोन लिटरवर आलाय. शनिवारी-रविवारी घरी सोडतील म्हणे.

अजितशी भांडले. म्हटलं, बाबा घरी आले की आईचं मी सांगणार. तू नाही, शेजारचे नाहीत. मला तिथे हजर राहता येत नाही, आईला खांदा देता आला नाही, निदान एवढं तरी मला करू दे. तो म्हणाला, "फोनवर सांगणार? असं?" म्हटलं, हो, फोनवर. माझ्याकडे दुसरं काय आहे?

मग दोघंही रडलो. शेवटी म्हणाला, "बरं. तूच सांग."

काय बोलायचं ते ठरवतेय. "बाबा, जरा बसा" — छे, ते बसलेलेच असणार. "बाबा, आई..." आणि पुढे? डिशवॉशर भरताना, ट्रेनमध्ये, शिफ्टला, तेच. पुढचं वाक्य येतच नाही.

१२ मे

आज बाबांचा आवाज छान होता. म्हणाले, "शेवटी लोकांनी राजालाच हाकललं बघ. पोर्तुगालला राजाच उरला नाही. राज्य केवढं, जगभर! आणि शेवटचा राजा इंग्लंडमध्ये, परक्या देशात मेला." मग, "सुनू, जेवतेस ना गं वेळेवर?"

म्हटलं, हो बाबा.

"नुसतं हो नको. जेवत जा. आणि एकटी बसत जाऊ नकोस."

१४ मे

बाबांना पुन्हा ऑक्सिजनचा मोठा मास्क. बोलणं नाही. नुसता हात हलवला.

१५ मे

फोन लागत नाही. अजित हॉस्पिटलच्या गेटवर उभा आहे.

१७ मे

बाबा गेले. काल सकाळी.

अजित आज सामान आणायला गेला होता. चष्मा, फोन, दोन लुंग्या. वॉर्डातल्या मावशींनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मास्तरांना बाई गेल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी विचारलं, माझ्याच्याने खोटं नाही बोलवलं. मला बजावून ठेवलं होतं — पोरीला तिची आई गेल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही, ती तिकडे एकटी आहे, तिचा फोन आला की इथे कुणी ब्र काढायचा नाही. फोन लावायच्या आधी रोज माझ्याकडून डोळे पुसून घ्यायचे."