शटल-कोऑर्डिनेटरचा परिवार

३ फेब्रुवारी
सुरत एअरपोर्टवरून हजीऱ्याच्या कंपन्यांत माणसं नेणाऱ्या सगळ्या शटल व्हॅन आजपासून माझ्या हाताखाली. आधीचा कोऑर्डिनेटर ड्रायव्हरांवर ओरडायचा म्हणे. मी ओरडणार नाही. संकल्प: ड्रायव्हर म्हणजे आपला परिवार. प्रत्येकाच्या घरची आपुलकीने चौकशी करायची. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
चौकशी राहिली. फ्लाइट लेट होती.

९ फेब्रुवारी, सकाळ
धुडकू हा सगळ्यांत जुना ड्रायव्हर, खानदेशातला. वीस तारखेची सुट्टी हवी म्हणाला. कशाला ते सांगायला लागला, तेवढ्यात मी शिस्तीबद्दल दोन शब्द सुनावले. बोलता बोलता चहाची वेळ टळली. शेवटी "बरं साहेब" म्हणून गेला. माणसाला पटतं, समजावणारा हवा.

१४ फेब्रुवारी
मी चहाच्या गाडीवर गेलो की ड्रायव्हर बोलायचे थांबतात. योगेश तर अर्धा चहा टाकून उठला. धाक बसलाय. प्रेमळ धाक.

१८ फेब्रुवारी
योगेशने स्वतःहून विचारलं, वीस तारखेला साहेब किती वाजता येणार? केवढी जबाबदारीची जाणीव!

२० फेब्रुवारी, एअरपोर्ट
दिल्लीची फ्लाइट उतरली. व्हॅन वेळेवर लागल्या, पॅसेंजर वेळेवर गेले. फक्त एकही ड्रायव्हर ओळखीचा नव्हता. शेवटच्याला अडवलं. म्हणाला, आम्ही बारडोलीचे. धुडकूभाईच्या मुलीचं आज भेस्तानला लग्न, सगळे तिकडे गेलेत, म्हणून त्यांच्या जागी आम्ही. मग उलट मलाच विचारलं, "तमे कोण?"
धुडकूला मुलगी आहे?
ते असो. सगळ्यांना सस्पेंड करणार. मांडवातच पकडतो. रिक्षा केली.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
मांडवात माझे सगळे ड्रायव्हर पंगतीला वाढत होते. मला बघून योगेश वरणाची बादली घेऊन जागच्या जागी थिजला. धुडकू धावत आला, चेहरा उतरलेला. मी तोंड उघडणार, तोच व्याही पुढे आले, पाहुणे कोण म्हणून विचारलं. धुडकूने माझा हात धरला. म्हणाला, "या आमना साहेब शेतस. सुट्टी यास्नीच दिन्ही."
सुट्टी म्हणे मीच दिली!
व्याह्यांनी मला टॉवेल-टोपी दिली. धुडकूची बायको सरलाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, असा साहेब नशिबाने मिळतो. टोपी घातलेल्या माणसाने सस्पेंड कसं करायचं? वरण-बट्टी खाल्ली. तूप दोनदा मागितलं. मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकताना रुमाल काढावा लागला. धूर असेल.

२१ फेब्रुवारी
कडक मेमो खिशात घेऊन गेलो. स्टँडवर धुडकू लाडवांचा डबा घेऊन उभा. मी पोहोचलो तरी कोणाचं बोलणं थांबलं नाही. धुडकूने आज पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "प्रशांत साहेब, घ्या ना," म्हणाला. बरं वाटलं. लाडू घेतला. उगाच दुरुस्त करत बसलो नाही.
माझं नाव प्रज्ञेश.